गोठ्यातला धडा : डॉ. एडवर्ड जेन्नर

देवीच्या रोगाने एके काळी घरेच्या घरे ओस पाडली. त्या रोगावरचा उपाय गाईच्या गोठ्यात सापडला, ही गोष्ट आपल्यासारख्या गुराढोरांच्या मुलखातील विद्यार्थ्यांनी ध्यानी ठेवण्याजोगी आहे. तो उपाय पारखून जगापुढे मांडणारे थोर पुरुष म्हणजे डॉ. एडवर्ड जेन्नर.

जेन्नर यांचा जन्म १७ मे १७४९ रोजी इंग्लंडमधील बर्कली या खेड्यात झाला. पाचव्या वर्षीच ते आईवडिलांच्या छत्राला मुकले. आठव्या वर्षी, त्या काळच्या प्रथेप्रमाणे, देवीच्या रोग्याची लस टोचून घेण्याचे दिव्य त्यांना करावे लागले. पुढे एका ग्रामीण शल्यवैद्याकडे उमेदवारी करून ते १७७० मध्ये लंडनला जॉन हंटर यांच्या हाताखाली शिकले आणि गावी परतून वैद्यकी करू लागले.

गाईच्या आचळांवर फोड येत आणि धार काढणाऱ्यांच्या हातांवरही ते उठत. हे फोड ज्यांना येऊन गेले त्यांना देवी येत नाहीत, हे गवळ्यांना ठाऊक होते. बेंजामिन जेस्टी या शेतकऱ्याने तर १७७४ मध्येच आपल्या बायकोला व दोन मुलांना गाईच्या फोडांची लस टोचली होती. जेन्नर यांनी या लोकसमजुतीची थट्टा केली नाही. तिची परीक्षा घेतली. १४ मे १७९६ रोजी सेरा नेल्म्स या गवळणीच्या हातावरील फोडाची लस त्यांनी जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला टोचली. जुलै महिन्यात त्याच मुलाला खऱ्या देवीची लस टोचून पाहिली. देवी आल्या नाहीत! मात्र एका गरीब पोराचा जीव पणाला लावणारा हा प्रयोग आज कोणीही करू देणार नाही, हेही विसरून चालणार नाही.

१७९८ मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला. अवघ्या चार वर्षांत ती लस दंडादंडांवरून प्रवास करीत बसऱ्याहून मुंबईस पोहोचली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतात प्रथम टोचली गेली. जेन्नर २६ जानेवारी १८२३ रोजी निवर्तले. ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली.

परंतु गोठ्याचा धडा संपलेला नाही. २००९ मध्ये आपल्याच सोलापूर जिल्ह्यात कासेगावी, तसेच कोल्हापूर जिल्ह्यात, म्हशींना व त्यांची धार काढणाऱ्यांना फोड आले. तो विषाणू देवीच्या लशीतील विषाणूचाच भाऊबंद होता. जनावरांत राबणाऱ्याच्या कातडीवर, नाकात, आतड्यांत जनावरांचे सूक्ष्मजीव येऊन वसतात, हे आता शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. त्यांतील काही रोग आणतात. तर गोठ्याच्या सहवासात वाढलेल्या मुलांना दमा कमी होतो, असे युरोपात आढळले आहे.

सिद्धेश्वराच्या यात्रेत खिलार बैल पाहताना, किंवा पहाटे पंढरपुरी म्हशीची धार काढणाऱ्या माउलीचे हात पाहताना, हे आठवावे. धार काढण्यापूर्वी व नंतर हात साबणाने धुवावेत, हातावर फोड दिसताच डॉक्टर गाठावा. आणि शेणामातीत राबणाऱ्या माणसाचे बोलणे अडाणी म्हणून उडवून लावू नये. जेन्नर यांनी ते ऐकले, म्हणून जग वाचले.