एसी/डीसीचा गायक गेला, बँड मात्र थांबला नाही! कोण होता बॉन स्कॉट?

२००८ साली आलेल्या ‘आयर्न मॅन’ सिनेमाची सुरुवात आठवून बघा. अफगाणिस्तानातला उजाड रस्ता, लष्करी गाड्यांचा ताफा आणि मागे वाजणारी ती ठसकेबाज गिटार. गाण्याचं नाव ‘बॅक इन ब्लॅक’. आजही जिममध्ये, क्रिकेटच्या मैदानात, रील्समध्ये ते सर्रास ऐकू येतं. ऐकणाऱ्याच्या अंगात उत्साह संचारतो. पण हे गाणं मुळात एका मेलेल्या मित्राच्या आठवणीत केलेलं आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं.

तो मित्र म्हणजे बॉन स्कॉट, एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन बँडचा गायक. वयाच्या ३३व्या वर्षी तो गेला, तेव्हा बँड नुकताच जगभर ओळखला जाऊ लागला होता. आता हे सगळं संपलं, असंच अनेकांना वाटलं. पण पाच महिन्यांत बँडने नव्या गायकाला घेऊन असा अल्बम काढला, की तो जगात सर्वाधिक विकल्या गेलेल्या अल्बमांमध्ये जाऊन बसला.

मग प्रश्न पडतो. इतक्या लवकर ज्याची जागा भरली गेली, त्या माणसाचं मोल नेमकं किती होतं? त्याचं उत्तर शोधायचं तर बॉनचं आयुष्य सुरुवातीपासून बघावं लागतं.

बॉन हे नाव कसं पडलं?

त्याचं खरं नाव रोनाल्ड बेलफर्ड स्कॉट. जन्म ९ जुलै १९४६, स्कॉटलंडमधल्या फॉर्फर गावातला. बालपणीची पहिली काही वर्षं जवळच्याच किरिम्युअर गावात गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधली हजारो कुटुंबं कामधंद्यासाठी ऑस्ट्रेलियाला निघाली होती. स्कॉट कुटुंबही १९५२मध्ये मेलबर्नला आलं आणि चार वर्षांनी पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्रीमँटल या बंदराच्या गावी स्थायिक झालं.

शाळेत रोनाल्ड नावाचा आणखी एक मुलगा होता. दोघांमध्ये गोंधळ नको म्हणून नव्याने आलेल्या या स्कॉटिश मुलाला बॉन म्हणायला लागले. स्कॉटलंडला लाडाने ‘बॉनी स्कॉटलंड’ म्हणतात, त्यावरून हे नाव आलं आणि कायमचं चिकटलं.

वडील फ्रीमँटलच्या स्कॉटिश पाइप बँडमध्ये वाजवायचे. त्यांच्यासोबत बॉनही जाऊ लागला. बॅगपाइप इतरांच्या हातात, बॉनच्या गळ्यात ड्रम. ही बारीकशी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती गमतीशीर वळणावर पुन्हा भेटणार आहे.

सुधारगृह आणि सैन्याचा नकार

पंधराव्या वर्षी त्याने शाळा सोडली आणि मिळतील ती कामं करायला लागला. पुढच्या एक-दोन वर्षांतच तो पोलिसांच्या तावडीत सापडला. पोलिसांना खोटं नाव-पत्ता देणं, ताब्यातून पळून जाणं, पेट्रोलची चोरी आणि अल्पवयीन मुलीशी शरीरसंबंध असे आरोप त्याच्यावर होते. त्याची रवानगी सुधारगृहात झाली. तिथे त्याने सुमारे नऊ महिने काढले. सुटल्यावर सैन्यात जायचा प्रयत्न केला, तर समाजात मिसळण्यास अयोग्य असा शेरा मारून सैन्याने त्याला नाकारलं.

चाहत्यांना पुढे या सगळ्यात बंडखोरी दिसली. प्रत्यक्षात तो एक दिशाहीन पोरगा होता आणि त्याला धड जमणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे संगीत.

दहा वर्षं, तीन बँड आणि खताचा कारखाना

१९६०च्या दशकाच्या मध्यावर तो पर्थमधल्या ‘स्पेक्टर्स’ या बँडमध्ये ड्रम वाजवू लागला. अधूनमधून ड्रमवरून उठून गायचाही. १९६६मध्ये ‘व्हॅलेंटाइन्स’ हा बँड उभा राहिला. त्यात विन्स लव्हग्रोव्ह आणि बॉन असे दोन गायक होते. गोडगोड पॉप गाणी, झालरीचे कपडे आणि किंचाळणाऱ्या चाहत्या असा सगळा तो मामला होता. १९७०मध्ये हा बँड फुटला.

मग बॉन ‘फ्रॅटर्निटी’ या बँडमध्ये गेला आणि ॲडलेडला राहू लागला. हा बँड गंभीर, प्रयोगशील संगीत करणारा होता. १९७१मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियातली प्रतिष्ठेची बँड स्पर्धा जिंकली आणि नशीब आजमावायला इंग्लंड गाठलं. तिथे त्यांना कुणी फारसं विचारलं नाही. दुसऱ्या बँडच्या कार्यक्रमाआधी चार गाणी वाजवून उतरायचं, एवढंच नशिबी आलं. या काळात त्यांनी न्यूकॅसलच्या ‘जॉर्डी’ नावाच्या बँडसोबतही कार्यक्रम केले. त्या बँडच्या गायकाने बॉनवर चांगलीच छाप पाडली.

१९७३मध्ये तो रिकाम्या हाताने परतला. ॲडलेडमध्ये खताच्या कारखान्यात मजुरी करू लागला. १९७२मध्ये केलेलं लग्न मोडकळीला आलं होतं. मे १९७४मध्ये मोटारसायकलचा भीषण अपघात झाला आणि तो तीन दिवस कोमात होता. बरा झाल्यावर जुन्या बँडमधला मित्र लव्हग्रोव्ह धावून आला. आता तो कार्यक्रमांचं आयोजन करत होता. त्याने बॉनला पोस्टर चिकटवण्यासारखी किरकोळ कामं दिली.

वय २८. नावावर तीन बँड आणि हातात खळ. रॉकच्या दुनियेत या वयात लोक स्थिरावलेले असतात, बॉनची सुरुवातच व्हायची होती.

दोन भावांचा बँड

इकडे सिडनीत नोव्हेंबर १९७३मध्ये माल्कम आणि अँगस यंग या भावांनी बँड काढला होता. यंग कुटुंबही स्कॉटलंडमधून, ग्लासगोहून आलेलं. त्यांचा मोठा भाऊ जॉर्ज हा ‘ईझीबीट्स’ या गाजलेल्या बँडमधला. त्यामुळे धंद्यातले खाचखळगे घरातच समजलेले. बहिणीने शिलाई मशीनवर लिहिलेली अक्षरं वाचून एसी/डीसी हे नाव सुचवलं. अँगसने शाळेचा गणवेश घालून गिटार वाजवावी, ही कल्पनाही तिचीच.

पहिला गायक होता डेव्ह इव्हान्स. पहिल्या वर्षात ड्रमवाले आणि बेसवाले तर पटापट बदलत होते. पण एक गोष्ट पहिल्यापासून पक्की होती. गाण्यांची चाल, ठेका, आवाजाचा पोत हे दोन भाऊ ठरवणार. बाकीच्या खुर्च्या बदलत्या. बँडची ही रचना समजून घेतली, की पुढच्या पन्नास वर्षांचा इतिहास कळायला सोपा जातो.

१९७४मध्ये हा बँड ॲडलेडला आला आणि लव्हग्रोव्हने बॉनची गाठ घालून दिली. त्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इव्हान्सची जागा बॉनने घेतली. म्हणजे ज्याची जागा पुढे दुसऱ्याने घेतली, तो बॉन स्वतःही नाटकाच्या भाषेत सांगायचं तर ‘रिप्लेसमेंट’च होता.

बॉनने काय दिलं?

अँगस तेव्हा १९ वर्षांचा, माल्कम २१चा. ही पोरं वाजवायला पक्की होती, पण गाण्यात सांगण्यासारखं फार काही जगलेली नव्हती. बॉनकडे त्याचा साठा होता. गावोगावची भिकार लॉजेस, बुडवलेलं मानधन, मारामाऱ्या, फसलेली प्रेमं हे सगळं त्याने चावट, तिरकस शब्दांत मांडलं. चाल भावांची आणि शब्द बॉनचे, अशी वाटणी जमून गेली. खरखरीत, किंचित चेष्टेखोर आवाज ही तर त्याची ओळखच बनली.

१९७५मध्ये ‘हाय व्होल्टेज’ आणि ‘टीएनटी’ हे दोन अल्बम ऑस्ट्रेलियात आले. त्याच वर्षी फिल रड ड्रमवर आणि मार्क इव्हान्स बेसवर आला. पुढे १९७७मध्ये मार्कला काढून इंग्लंडच्या क्लिफ विल्यम्सला घेतलं गेलं.

‘टीएनटी’मधल्या एका गाण्याची गंमत सांगितलीच पाहिजे. बँडमधल्या माणसाला वर पोहोचायला किती खस्ता खाव्या लागतात, हा त्याचा विषय. अल्बमचा निर्माता असलेल्या जॉर्ज यंगला वाटलं, बॉन पाइप बँडमधला आहे तर यात बॅगपाइप टाकू. खरं तर बॉनने तिथे आयुष्यात ड्रमच वाजवला होता! पण वाद्य आणलं गेलं आणि कामापुरतं शिकून बॉनने ते फुंकलंही. २३ फेब्रुवारी १९७६ रोजी मेलबर्नच्या भर वस्तीतल्या स्वॉन्स्टन स्ट्रीटवर उघड्या ट्रकमध्ये उभं राहून या गाण्याचं चित्रीकरण झालं. ऑस्ट्रेलियन रॉकमधली ही सर्वांत ओळखीची दृश्यं मानली जातात.

पुढचा रस्ता मात्र सोपा नव्हता. १९७६चा ‘डर्टी डीड्स डन डर्ट चीप’ हा अल्बम अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपनीने तिथे काढलाच नाही. बँडने गाडीतून शहरामागून शहरं पालथी घातली. अखेर १९७९मध्ये मट लँग या निर्मात्यासोबत केलेला ‘हायवे टू हेल’ अमेरिकेच्या पहिल्या वीस अल्बमांमध्ये पोहोचला. यशाचा दरवाजा उघडला होता.

१९ फेब्रुवारी १९८०

फेब्रुवारी १९८०मध्ये लंडनमध्ये पुढच्या अल्बमची तयारी सुरू झाली. एके दिवशी बॉन भावांच्या सरावाला आला आणि नव्या चालींवर चक्क ड्रम वाजवून गेला. फ्रीमँटलमधलं ते पोरगं अजून त्याच्यात होतं.

१८ तारखेच्या रात्री तो कॅम्डनमधल्या एका क्लबमध्ये गेला. भरपूर प्यायला. परतताना तो गाडीतच झोपला आणि काही केल्या जागा होईना, म्हणून सोबतच्या परिचिताने त्याला दक्षिण लंडनमधल्या आपल्या घराबाहेर गाडीतच झोपू दिलं. १९ तारखेच्या संध्याकाळी पाहिलं तर काहीच हालचाल नव्हती. रुग्णालयात नेल्यावर डॉक्टरांनी मृत घोषित केलं.

या मृत्यूभोवती कटाच्या कहाण्या खूप रचल्या गेल्या. चौकशीचा निष्कर्ष मात्र साधा होता. दारूची तीव्र विषबाधा, अपघाती मृत्यू. दारू पिऊन धमाल करणारा हसरा गडी, ही प्रतिमा लोकांना आवडायची आणि तिच्यावर गाणीही विकली जायची. तीच सवय त्याच्या जिवावर बेतली. फ्रीमँटलच्या स्मशानभूमीत त्याच्या अस्थी ठेवल्या गेल्या.

थांबायचं की चालू ठेवायचं?

यंग भावांनी बँड बंद करण्याचा विचार केला होता. पण पुढे जा, असं बॉनच्या आईवडिलांनीच त्यांना सांगितलं. नव्या गायकाचा शोध सुरू झाला आणि भावांना आठवलं, की इंग्लंडमध्ये ऐकलेल्या एका गायकाचं बॉन तोंड भरून कौतुक करायचा. तोच ‘जॉर्डी’चा गायक, ब्रायन जॉन्सन. एप्रिल १९८०मध्ये त्याची निवड जाहीर झाली. म्हणजे आपला वारस एका अर्थी बॉननेच सुचवून ठेवला होता.

२५ जुलै १९८० रोजी ‘बॅक इन ब्लॅक’ आला. मुखपृष्ठ पूर्ण काळं, शोकाचं. सुरुवात घंटेच्या टोल्यांनी. एकट्या अमेरिकेत त्याची अडीच कोटींहून अधिक विक्री नोंदली गेली. जॉन्सनने बॉनची नक्कल केली नाही, तो स्वतःच्या उंच पट्टीत गायला. म्हणूनच श्रोत्यांनी त्याला स्वीकारलं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘लेड झेपलिन’चा ड्रमवाला जॉन बोनम हाही दारूपायीच गेला. त्या बँडने डिसेंबरमध्ये थांबायचा निर्णय जाहीर केला. चार जणांच्या मिळून बनलेल्या संगीतातून एक वजा करणं त्यांना शक्य नव्हतं. एसी/डीसीचा पाया मात्र दोन भावांच्या गिटारवर होता. दोन्ही निर्णय आपापल्या जागी खरे होते.

पण बॉनला लोक विसरले, असं मुळीच झालं नाही. अमेरिकेत आधी नाकारलेला ‘डर्टी डीड्स’ १९८१मध्ये तिथे प्रसिद्ध झाला आणि तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढला. ‘बॅक इन ब्लॅक’सुद्धा तिथे चौथ्या क्रमांकापर्यंतच गेला होता.

खुर्च्या बदलत गेल्या

पुढे फिल रड १९८३मध्ये गेला आणि १९९४मध्ये परत आला. मधल्या काळात सायमन राइट आणि ख्रिस स्लेड यांनी ड्रम सांभाळले. २०१४मध्ये स्मृतिभ्रंशामुळे माल्कमला बँड सोडावा लागला, त्याच्या जागी पुतण्या स्टीव्ही यंग आला. २०१७मध्ये माल्कम गेला. २०१६मध्ये ऐकू येण्याच्या त्रासामुळे जॉन्सन दौऱ्यातून बाहेर पडला, तेव्हा ‘गन्स एन रोझेस’चा ॲक्सल रोझ काही काळ गायला. २०२०च्या ‘पॉवर अप’ अल्बमसाठी जॉन्सन परतला.

२०२४च्या दौऱ्यात बॉनच्या काळातला एकच माणूस रंगमंचावर होता, गणवेशातला अँगस. पण कार्यक्रमातली कितीतरी गाणी बॉनचीच होती.

फ्रीमँटलमध्ये आणि किरिम्युअरमध्ये आज बॉनचे पुतळे आहेत. १ मार्च २०२० रोजी पर्थहून फ्रीमँटलकडे जाणाऱ्या कॅनिंग हायवेचा सुमारे दहा किलोमीटरचा पट्टा वाहनांसाठी बंद ठेवण्यात आला. उघड्या ट्रकवर चढून वेगवेगळे बँड एसी/डीसीची गाणी वाजवत निघाले आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हजारो लोक जमले. बॉनची खुर्ची १९८०मध्येच भरली गेली होती. त्याने लिहिलेले शब्द मात्र चाळीस वर्षांनंतरही त्या गर्दीला तोंडपाठ होते.