धर्मसंस्थांची आमंत्रणे आणि बाबासाहेब


महूचा जन्म, परदेशचे शिक्षण, १९२७ चा महाड सत्याग्रह हे बाबासाहेबांचे चरित्र तुमच्या मुलांना तोंडपाठ आहे. मी आज सांगतो तो भाग आपल्या नांदेड-लातूरच्या मातीतला आहे.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली आणि मुसलमान, ख्रिस्ती, शीख पुढाऱ्यांची बोलावणी सुरू झाली. भाषा सर्वांचीच बंधुभावाची! हिंदू महासभेचे डॉ. मुंजेसुद्धा १९३६ साली अस्पृश्यांनी शीख व्हावे यास राजी झाले. अस्पृश्य मुसलमान झाले तर हिंदूंचे संख्याबळ घटेल, ही त्यामागची धास्ती. कळवळा किती होता, हे तुम्हीच मोजा.

आता आपल्या मुलखाकडे या. निजाम मुसलमान, बहुसंख्य प्रजा हिंदू. १९२७ साली निघालेल्या मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनचे पुढारी बहादूर यार जंग अस्पृश्यांत धर्मप्रसार करीत. उलट बाजूने आर्य समाज शुद्धी करी. उदगीर हे त्याचे केंद्र. १९३९ च्या आर्य सत्याग्रहाची मागणी धर्मस्वातंत्र्याची, पण झगडा निजामाच्या सत्तेशी होता. दोन्हीकडे प्रवचन धर्माचे आणि मोजणी डोक्यांची. महारवाडा मात्र वेशीबाहेरच राहिला.

पुढे मजलिसची सूत्रे लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या हाती गेली. रझाकार उभे राहिले. धर्मरक्षणाच्या भाषणांचा अर्थ एवढाच होता, की निजामाचे तख्त टिकले पाहिजे.

सवर्णांशी जन्मभर झुंजलेले बाबासाहेब अशा वेळी काय करतील? नोव्हेंबर १९४७ मध्ये, कायदेमंत्री असताना, त्यांनी पत्रक काढले. सवर्णांचा राग आहे म्हणून लीगवर भिस्त ठेवू नका, जीव वाचवण्यासाठी धर्म बदलू नका, निजामाची बाजू घेऊ नका, असे त्यांनी बजावले. बळजबरीने बाटवलेल्यांना पुन्हा आपलेच मानू, अशी हमीही दिली. शत्रूचा शत्रू तो मित्र, हे गणित त्यांनी मांडलेच नाही.

सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर नांदेड आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत (लातूर तेव्हा उस्मानाबादेत होते) निरपराध मुसलमानांची कत्तल झाली. सुंदरलाल समितीने ती नोंदवली आहे. वर्गात शिकवताना मी हे पान गाळत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली व दिली. त्या दीक्षेबरोबर ना तख्त आले, ना जागा. अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती तर बौद्धांना १९९० साली मिळाल्या. तोवर दाखल्यासाठी कचेरीत हेलपाटे घातलेली माणसे तुमच्या घरात अजून असतील, त्यांना विचारा.