पियानोला हात लावायचा नाही!

तानपुरा जुळवणाऱ्या माणसाकडे कधी नीट बघितलंय? खुंटी पिळताना बहुतेकांचे डोळे आपोआप मिटतात. काम कानाचं आहे ना! आता चार तारांच्या जागी दोनशेच्या आसपास तारा आहेत अशी कल्पना करा. त्यातल्या काही गंजलेल्या, काही खुंट्या ढिल्या. हा झाला जुना पियानो. असं वाद्य कसं जुळवायचं, हे ज्यानं पुस्तक लिहून जगाला शिकवलं, त्या क्लॉद मोंतालला दिसतच नव्हतं.

मोंतालचा जन्म १८०० सालचा, फ्रान्समधल्या ला पालिस गावातला. वडील खोगीर बनवायचे. लहानपणीच आजारात त्याची दृष्टी गेली. १८१७ मध्ये तो पॅरिसच्या अंध मुलांच्या सरकारी शाळेत दाखल झाला. हो, तीच शाळा, जिथे दोन वर्षांनी दहा वर्षांचा लुई ब्रेल आला. पुढे मोंताल तिथेच शिकवूही लागला.

शाळेत पियानो होते, पण ते जुळवायला बाहेरून माणूस यायचा. वाद्य बेसूर झालं की त्याची वाट बघायची. मोंताल आणि त्याच्या एका मित्रानं स्वतःच तारा लावायला सुरुवात केली. झालं! त्या जुळवणाऱ्यानं तक्रार केली आणि संचालकांनी हुकूम काढला, की या मुलांनी पियानोला हात लावायचा नाही.

तुम्ही काय केलं असतं? या दोघांनी एक जुना पियानो मिळवला आणि तो चक्क खोलला. हातोड्या, तारा, खुंट्या, सगळं बोटांनी चाचपत समजून घेतलं, दुरुस्त केलं, परत जोडलं. ते बघून शाळेनं आपले पियानो त्यांच्याच हवाली केले.

हे किती अवघड आहे, बघा. पियानोत एका स्वराला बहुतेक ठिकाणी दोन-तीन तारा असतात. त्या जराशा जरी वेगळ्या वाजल्या, तरी स्वर ‘वॉव-वॉव’ असा हेलकावतो. मग एक तार मोकळी ठेवून बाकीच्या दाबायच्या, ती लावायची, नंतर दुसरी तिच्याशी मिळवायची. हेलकावा मंदावत थांबला, की जुळली. पण जुनी तार हट्टी असते. गंजलेली एकदम चढवली तर तुटते. म्हणून आधी किंचित उतरवून ती मोकळी करायची, मग हळूहळू वर न्यायची. खुंटी ढिली असेल तर लावलेला सूर टिकतच नाही. एखादी तार तर एकटीच हेलकावते. तिच्याशी तडजोडच करावी लागते.

शिवाय गणित आहेच. सा-पचं नातं गाणाऱ्यांना माहीत असतं. एकेक पंचम अगदी शुद्ध लावत बारा पायऱ्या चढलात, तर पुन्हा ‘सा’वर यायला हवं, पण तुम्ही थोडे वर निघून जाता. म्हणून प्रत्येक पंचम केसभर उतरवून ती चूक बारा ठिकाणी सारखी वाटायची. हे सगळं कानानं!

१८३० मध्ये मोंतालनं शाळा सोडली. बाहेर मात्र आपला महागडा पियानो अंध माणसाच्या हातात द्यायला लोक तयार होईनात. हे दिवस खरंच कठीण होते. अखेर पॅरिसच्या नामांकित संगीत महाविद्यालयातल्या एका प्राध्यापकाला दोन पियानो एकमेकांशी तंतोतंत जुळवून हवे होते. मोंतालनं ते केलं आणि त्या प्राध्यापकांनीच मग इतरांकडे त्याची शिफारस केली.

१८३६ मध्ये त्याचं पुस्तक आलं, आपला पियानो आपणच कसा जुळवावा यावर. ज्याला हात लावायची बंदी झाली, त्यानं गुपित स्वतःजवळ ठेवलं नाही, हे मला फार आवडतं. पुढे तो स्वतः पियानो बनवू लागला. १८५१ च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनात त्याचे पियानो होते. १८६५ मध्ये तो गेला. तोवर त्याच्या जुन्या शाळेतली मुलं या कामावर पोट भरू लागली होती, आणि नंतर युरोप-अमेरिकेतल्या अनेक अंधशाळांत पियानो जुळवणं हा रीतसर शिकवायचा विषय झाला.