आरमाराचे सरदार दौलतखान

नळदुर्ग आपल्या अणदूरपासून जवळच आहे. तेथील किल्ल्यातला पाणीमहाल तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. पावसाळ्यात बोरी नदी भरून आली की बंधाऱ्यावरून पाणी धो धो कोसळते. आपल्याकडच्या मुलांना मोठे पाणी म्हणजे तेच. समुद्र मात्र येथून फार लांब. या पाठातले दौलतखान त्या समुद्रावर लढले.

आधी एका शब्दाची गंमत पाहू. उर्दूत दरिया म्हणजे नदी; मराठीत दर्या म्हणजे समुद्र. शब्द एकच, पण किनाऱ्यावर येऊन तो मोठा झाला! मराठी आरमारातील एक सरदार तर दर्यासारंग या किताबानेच ओळखले जात. दौलतखान त्यांचे सोबती होते.

शिवाजी महाराजांनी 1657 साली कल्याण व भिवंडी घेतली आणि स्वराज्याची हद्द समुद्राला भिडली. त्या किनाऱ्यावर जंजिऱ्याच्या सिद्दीचा धाक होता. त्याचे लोक गावे लुटत, माणसे पकडून नेत. ज्याच्याजवळ जहाजे नाहीत, त्याचा किनाराही त्याचा राहत नाही, हे महाराजांनी ओळखले. त्यांनी आरमार उभारले. त्यात कोळी, भंडारी आणि मुसलमान असे सर्व दर्यावर्दी लोक होते.

या आरमारात गलबते पुष्कळ होती. गलबत म्हणजे हलकी, लांबट नौका. तिच्यावर लहान तोफा असत आणि दोन्ही बाजूंना मिळून 40 ते 50 वल्ही. गुराब तिच्याहून मोठी. तिच्या पुढच्या तोंडाशी तोफा बसवलेल्या असत. इंग्रजांच्या उंच जहाजांपुढे ही होडकी किरकोळ दिसत. पण वारा पडला की मोठे जहाज जागीच अडते आणि गलबत वल्ह्यांवर पळते. उथळ पाण्यात मोठे जहाज शिरत नाही, गलबत खाडीत जाऊन लपते. दौलतखानांची सारी लढाई या दोन गोष्टींवर उभी होती.

मार्च 1674 मध्ये सिद्दी संबळ आपले आरमार घेऊन रत्नागिरीकडच्या मुचकुंदी खाडीत शिरला. दौलतखानांनी त्याला तेथे गाठले. झुंज अशी झाली की दोन्ही सरदार जखमी झाले. अखेर सिद्दीलाच माघार घ्यावी लागली.

पुढच्या वर्षी वेगळीच अडचण आली. जंजिऱ्याला शह देण्यासाठी महाराज समोरच्या खडकावर पद्मदुर्ग बांधवीत होते. त्या कामाच्या रक्षणासाठी दौलतखान व दर्यासारंग यांचे आरमार जायचे होते. त्यासाठी पैसा आणि गल्ला प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांनी द्यायचा, असे ठरले होते. तो त्यांनी दिलाच नाही. उपाशी खलाशी वल्ही कशी मारणार? आरमार खोळंबले. ही गोष्ट महाराजांच्या कानावर गेली तेव्हा त्यांनी जानेवारी 1675 मध्ये सुभेदारांना अतिशय कडक पत्र पाठवले. हबशांनी तुम्हाला लाच देऊन फितवले की काय, असा सरळ संशय त्यात घेतला आणि गय केली जाणार नाही असे बजावले. आपल्या दर्यावर्दींसाठी राजा स्वतःच्या अधिकाऱ्याला असे धारेवर धरतो, हे मला लढाईच्या वर्णनाइतकेच मोलाचे वाटते.

दौलतखानांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा प्रसंग 1679 साली आला. मुंबईच्या दक्षिणेस, अलिबागजवळच्या थळ गावासमोर खंदेरी नावाचे बेट आहे. महाराजांनी तेथे किल्ला बांधण्यास माणसे पाठवली. त्यांचे प्रमुख मायनाक भंडारी होते. मुंबई तेव्हा इंग्रज कंपनीच्या ताब्यात होती. बंदराच्या तोंडाशी मराठ्यांचा किल्ला होणे इंग्रजांना परवडणारे नव्हते. त्यांनी बेटाला वेढा घातला. सप्टेंबरमध्ये लेफ्टनंट थॉर्प बेटावर उतरू पाहत असता मारला गेला. मग इंग्रजांनी रिव्हेंज नावाचे तोफांनी सज्ज असलेले मोठे जहाज आणले.

18 ऑक्टोबरच्या सकाळी दौलतखान सुमारे 50 गलबते घेऊन निघाले. तोंडाशी असलेल्या तोफा डागत ही गलबते इतक्या वेगाने आली की इंग्रजांना नांगर उचलण्यासही पुरता वेळ मिळाला नाही. अर्ध्या तासाच्या आतच त्यांच्या डव्ह या गुराबेने निशाण उतरवले. तिच्यावरचे लोक कैद झाले आणि बाकीची बरीच जहाजे पळाली. रिव्हेंज मात्र पळाले नाही. कॅप्टन मिंचिन आणि केग्विन यांनी त्यावरून तोफांचा भडिमार केला. मराठ्यांची काही गलबते बुडाली आणि उरलेली नागोठण्याच्या खाडीत परतली. शत्रूचे शौर्यही मान्य करावे. ते दोघे धीराने लढले.

मग त्या दिवशी कोण जिंकले? तोफांचा हिशोब केला तर इंग्रज म्हणतील, आम्ही. परंतु रात्र पडली की गलबते अंधारातून, इंग्रजी जहाजांना चुकवून, खंदेरीवर धान्य, दारूगोळा व माणसे पोहोचवत. सकाळी पाहावे तर तटाची भिंत आणखी वर चढलेली! पहाऱ्यावरचे इंग्रज या प्रकाराने अगदी जेरीस आले.

नोव्हेंबरमध्ये सिद्दी कासम इंग्रजांच्या मदतीला आला. जानेवारी 1680 मध्ये त्याने खंदेरीशेजारचे उंदेरी बेट बळकावून तेथे तोफा चढवल्या. दौलतखानांनी उंदेरीवर हल्ला केला. या वेळी मात्र दैव प्रतिकूल होते. मराठ्यांची बरीच माणसे पडली, गलबते गेली आणि स्वतः दौलतखान जबर जखमी झाले. उंदेरी सिद्दीकडेच राहिले.

पण खंदेरी गेले नाही. इंग्रजांनी आपली जहाजे काढून घेतली आणि मार्च 1680 मध्ये महाराजांशी तह केला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, 3 एप्रिलला, रायगडावर महाराजांचे निधन झाले.

खंदेरीचे नाव पुढे भारतीय नौदलाने आपल्या पाणबुडीला दिले. 1968 साली पहिली खंदेरी पाणबुडी नौदलात आली आणि 2019 साली, मुंबईतच, दुसरी. 2025 साली युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यातही खंदेरी आहे. थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले की ही दोन्ही बेटे समोर दिसतात. धाकटे उंदेरी अलीकडे आणि खंदेरी त्याच्या पलीकडे.