विश्लेषण : बढती डावलली आणि नोकरी सोडली; सेवाज्येष्ठतेचा प्रश्न लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कसा सोडवला?

विमान कंपन्यांमध्ये पायलटची नोकरी एका आकड्यावर चालते. तो आकडा म्हणजे सेवाज्येष्ठतेच्या यादीतला क्रमांक. सांगली-साताऱ्यातली अनेक मुलं आज इंजिनीअरिंग, आयटी आणि विमान क्षेत्रात नोकऱ्या करतात. भरती, बढती आणि नोकरकपात हे तीन शब्द त्यांच्या घरी रोज ऐकू येतात. याच भागात सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाचं आयुष्य या तीन शब्दांभोवती फिरलं. ते म्हणजे किर्लोस्करवाडी वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर.

त्यांची गोष्ट आजच्या नोकरदाराला काय सांगते? जाणून घेऊया.

सेवाज्येष्ठतेची यादी म्हणजे काय?

पायलट कंपनीत ज्या तारखेला रुजू होतो, त्यावरून साधारणपणे त्याचा क्रमांक ठरतो. कोणत्या शहरात नेमणूक मिळणार, कोणतं विमान उडवायला मिळणार, फर्स्ट ऑफिसरचा कॅप्टन कधी होणार, दिवाळीत सुट्टी मिळणार का, हे सगळं बऱ्याच मोठ्या कंपन्यांमध्ये या क्रमांकावर अवलंबून असतं.

मंदी आली की हीच यादी खालून वाचली जाते. शेवटी आलेला आधी घरी. अमेरिकेत २००१ च्या हल्ल्यांनंतर आणि पुन्हा २०२० मध्ये कोरोनाच्या काळात पायलटना बिनपगारी घरी बसवलं गेलं ते याच क्रमानं. परत बोलावताना मात्र वरच्याला आधी बोलावतात.

यात एक मोठी मेख आहे. कंपनी बदलली की क्रमांक पुन्हा तळाला जातो. २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली तेव्हा अनेक अनुभवी पायलट दुसऱ्या कंपन्यांत गेले. उड्डाणाचे तास त्यांच्या खात्यावर राहिले, पण रांगेतली जागा गेली. २०२४ मध्ये एअर इंडिया आणि विस्तारा एकत्र आल्या तेव्हाही दोन याद्या एकत्र कशा करायच्या, हा पायलटांच्या दृष्टीनं कळीचा मुद्दा होता.

मग अशी यादी हवीच कशाला? याचं उत्तर लक्ष्मणरावांच्या पहिल्या नोकरीत सापडतं.

रंगांनी पहिली वाट अडवली

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेतल्या पुस्तकांपेक्षा चित्रं आणि यंत्रं यांत जीव रमणारा हा मुलगा १८८५ मध्ये मुंबईला आला आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला.

तिथे दोन वर्षांत एक गोष्ट उघड झाली. त्यांना काही रंग नीट ओळखता येत नव्हते. चित्रकाराला याहून मोठा अडथळा कोणता? आजही पायलटच्या वैद्यकीय तपासणीत रंग ओळखण्याची चाचणी असते आणि त्या एका चाचणीवर अनेकांचं स्वप्न अडकतं. लक्ष्मणरावांचंही तसंच झालं.

त्यांनी रंग सोडले, रेषा मात्र सोडल्या नाहीत. यंत्रांचं रेखाटन शिकले. त्या जोरावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, त्यांना शिक्षकाची नोकरी मिळाली. शिकवता शिकवता तिथल्या कार्यशाळेतली यंत्रंही ते हाताळायला शिकले.

बढती कोणाला मिळाली?

याच काळात, १८८८ मध्ये, मोठे बंधू रामूअण्णा यांच्यासोबत बेळगावात सायकलींचा व्यवसाय सुरू झाला. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या, रामूअण्णांनी त्या बेळगावात विकायच्या आणि लोकांना चालवायलाही शिकवायच्या. किर्लोस्कर ब्रदर्सची मुळं या दुकानात आहेत. नोकरी मात्र सुरू होती.

मग संस्थेत बढतीची वेळ आली. लक्ष्मणरावांचा हक्क होता, कामही चोख होतं. पण जागा मिळाली ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला. वसाहतीच्या काळात हे नवीन नव्हतं. कोण आधी आला आणि कोणाचं काम चांगलं, यापेक्षा कोणाची कातडी कोणत्या रंगाची, हा प्रश्न आधी यायचा. दाद मागायला ना यादी होती ना नियम.

लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं.

सेवाज्येष्ठता त्यांच्या आड आली नव्हती. ती पाळली गेली नाही, म्हणून ते डावलले गेले. आज पायलटांच्या संघटना यादीसाठी इतक्या चिवटपणे भांडतात त्यामागे हीच भीती असते. वरिष्ठांची मर्जी, ओळख, जात, वर्ण यांना मध्ये शिरायला फट राहू नये.

न विकलेले नांगर

बेळगावात लक्ष्मणरावांनी कडबा कापायची यंत्रं बनवली, मग लोखंडी नांगर. हे नांगर सुरुवातीला कोणी घेईना. लोखंडानं जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकला जायला सुमारे दोन वर्षं लागली. पण खोल नांगरट होते, हरळी मुळापासून निघते, हे शेतकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिल्यावर मागणी वाढू लागली.

एवढ्यात दुसरा धक्का बसला. ठळकवाडीची नवी वसाहत होणार म्हणून बेळगावातली कारखान्याची जागा सोडावी लागली. चाळिशीचा माणूस, चालता धंदा आणि पायाखाली जमीन नाही.

त्या वेळी मदतीला आले औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, तर संस्थानाचं कुंडल गाव सांगली जिल्ह्यात. राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळची जमीन दिली आणि दहा हजार रुपयांचं कर्जही. जमीन होती ३२ एकर, पण निवडुंगानं भरलेली आणि नागांचा वावर असलेली. १९१० मध्ये २५ कामगार आणि त्यांची कुटुंबं तिथे राहायला आली. पुढे कुंडल रोड स्टेशनचंही नाव किर्लोस्करवाडी झालं.

भरती कशी केली?

लक्ष्मणरावांनी कामावर कोणाला घेतलं, हे आजच्या भरतीच्या चाळणीत बसणार नाही.

शंभूराव जांभेकर हे परीक्षेत यश न मिळालेले विद्यार्थी. ते यंत्रांपासून हिशेबापर्यंत पडेल ते काम सांभाळू लागले. अनंतराव फळणीकरांनी शाळा अर्ध्यावर सोडली होती. ते कारखान्याचे कल्पक इंजिनीअर झाले. मंगेशराव रेगे कारकून होते, त्यांच्याकडे व्यवस्थापनाची मोठी जबाबदारी आली. के. के. कुलकर्णींचंही शाळेत जमलं नव्हतं. बाहेरच्या जगाशी कारखान्याचे संबंध सांभाळण्याचं काम त्यांनी केलं.

सर्वांत धाडसी निवड पहाऱ्यासाठी होती. दरोड्याची शिक्षा झालेल्या तुकाराम आणि पिऱ्या या दोघांना लक्ष्मणरावांनी वसाहतीचे राखणदार केलं आणि त्यांनी तो विश्वास राखला. वसाहतीत शिवाशिव पाळायची नाही, हाही त्यांचा दंडक होता. १९१० च्या दशकातल्या ग्रामीण महाराष्ट्रात ही लहान गोष्ट नव्हती.

थोडक्यात, गुणपत्रिका आणि जुना शिक्का यांच्याऐवजी हातातलं काम पाहिलं गेलं. स्वतः डावललं गेल्याचा अनुभव त्यामागे होता, असं मानायला जागा आहे.

मंदी आणि टंचाईत काय झालं?

कारखाना उभा राहतो न राहतो तोच १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. परदेशी लोखंड येणं अवघड झालं. लोखंड नाही तर नांगर नाहीत, आणि नांगर नाहीत तर हातांना काम नाही. अशा वेळी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले आणि भट्टी पेटती राहिली.

स्पर्धाही आली. किर्लोस्करांच्या नांगराचा प्रचार करत गावोगाव फिरलेले भाऊराव पाटील पुढे धनजीशा कूपर यांच्याकडे गेले आणि साताऱ्याजवळ पाडळीला नांगरांचा दुसरा कारखाना उभा राहिला. हेच पुढचे कर्मवीर, रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक.

किर्लोस्करांनी एकाच मालावर विसंबून राहणं टाळलं. १९२० मध्ये कंपनी लिमिटेड झाली, पुढे पंप आणि इतर यंत्रं बनू लागली. थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीमधून शिकून १९२६ मध्ये परतले. कामगारांसाठी याचा अर्थ साधा होता : एका मालाची मागणी घटली तर दुसऱ्या विभागात काम असण्याची शक्यता वाढली.

१९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावण्यात आली. तोपर्यंत हरिहर, पुणे आणि बेंगळुरू इथेही उद्योग पसरला होता. वाडी पुन्हा उभी राहिली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचं निधन झालं.

मग यादी बरी की पारखी मालक?

लक्ष्मणरावांच्या पद्धतीत एक उणीव होती आणि ती मान्य करायला हवी. किर्लोस्करवाडीत न्याय मिळत होता तो मालकाच्या नजरेमुळे. नजर चांगली होती म्हणून शाळा सोडलेला मुलगा इंजिनीअर झाला. पण सर्वांत वरच्या जागांवर बहुतेक घरचीच माणसं आली. आणि जिथे मालकाची नजर चांगली नसेल, तिथे कामगारानं कुठे जायचं? व्हीजेटीआयमध्ये खुद्द लक्ष्मणरावांनाही याचं उत्तर मिळालं नव्हतं.

कायद्यानं ते उत्तर उशिरा दिलं. औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ मध्ये घातलेल्या तरतुदीनुसार कामगारकपात करताना साधारणपणे त्या वर्गवारीत शेवटी आलेल्याला आधी कमी करायचं. वेगळा क्रम लावला तर मालकानं कारण नोंदवायचं. पुन्हा भरती करताना कमी केलेल्यांना आधी संधी द्यायची. पायलटच्या यादीचं तत्त्व यापेक्षा फार वेगळं नाही.

यादीचीही एक किंमत असते. ती मर्जीपासून वाचवते, पण हुशार नवख्याला थांबवते आणि कंपनी बुडाली तर अनुभवी माणसालाही तळाला नेऊन ठेवते. पारखी मालक हुशार नवख्याला वर आणतो, पण त्याच्यानंतर तशीच पारख असेल याची हमी कोणीच देऊ शकत नाही.

म्हणून नोकरी धरताना दोन गोष्टी तपासाव्यात. बढती आणि कपातीचा नियम लेखी आहे का? आणि उद्या रांगेतली जागा गेली, तरी सोबत नेता येईल असं कौशल्य हातात आहे का? लक्ष्मणरावांकडे पहिली गोष्ट नव्हती. दुसरी होती. यंत्राचं रेखाटन आणि कार्यशाळेत शिकलेलं काम घेऊन ते मुंबईहून निघाले, आणि आज पुणे-मिरज मार्गावरच्या एका स्टेशनच्या पाटीवर त्यांचं आडनाव आहे.