माझ्या भोंग्यातले हर्ट्झ

बाबांनी पुण्याच्या बुधवार पेठेतून ब्रेडबोर्ड आणला. त्यावर तारा खोचून मी ५५५ चिपचा भोंगा केला. आधी वाजेचना! एक तार चुकली होती. आता कपॅसिटर भरतो, रिकामा होतो, तसा स्पीकर थरथरतो. सेकंदाला जितकी कंपने, तितके हर्ट्झ.

हे हर्ट्झ कोण? हाइन्रिख हर्ट्झ १८५७ साली जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात जन्मले. लहानपणीच सुतारकाम शिकले. पुढे १८८७-८८ मध्ये त्यांनी विजेच्या ठिणगीतून रेडिओच्या लहरी निर्माण करून दाखवल्या. पण १८९४ साली, अवघे ३६ वर्षांचे असताना ते वारले. त्यांच्या लहरींवर चालणारा रेडिओ त्यांनी कधी ऐकलाच नाही.

पालकहो, भोंगा खाली टेबलावर आहे. वाजवून बघा नि हर्ट्झसाहेबांना आठवा.