ऐकायचं कुणाचं?

सर शिकवताना चुकलेत हे लक्षात आलंय, असं तुमचं कधी झालंय? तेव्हा हात वर केलात? आपण बहुतेक वेळा शेजारच्याकडे बघून हसतो आणि गप्प बसतो. बाराशे वर्षांपूर्वी बुखारा शहरात, म्हणजे आजच्या उझबेकिस्तानात, अकरा वर्षांचा एक मुलगा मात्र गप्प बसला नाही.

शिक्षकांचं नाव दाखिली. ते हदीस शिकवत होते. हदीस म्हणजे मोहम्मद पैगंबर काय बोलले, कसे वागले याच्या आठवणी. प्रत्येक हदीसच्या आधी ती कुणी कुणाकडून ऐकली, त्या नावांची साखळी सांगतात. तिला सनद म्हणतात. (वकिलीची सनद आपल्याला माहीत असते, हीसुद्धा विश्वासाचीच बाब.) एका साखळीत दाखिलींनी इब्राहीम यांच्याकडून ऐकणारा म्हणून अबू झुबैर यांचं नाव घेतलं. मुलगा म्हणाला, की अबू झुबैर यांनी इब्राहीमकडून काही सांगितलेलंच नाही. सर रागावले. मुलाने मूळ वही बघायची विनंती केली. ते आत गेले, वही बघितली आणि बाहेर येऊन त्या पोरालाच विचारलं, की मग बरोबर नाव कुठलं? तो म्हणाला, झुबैर बिन अदी. सरांनी त्याच्याच हातातला बोरू घेऊन आपली प्रत दुरुस्त केली.

मला विचाराल तर या गोष्टीतला मोठा माणूस दाखिली.

तो मुलगा म्हणजे मोहम्मद बिन इस्माईल. जग त्यांना इमाम बुखारी म्हणून ओळखतं. जन्म इ.स. 810 चा. वडील हदीसचे जाणकार, पण ते लवकर गेले आणि आईने वाढवलं. सोळाव्या वर्षी आई आणि भावाबरोबर हजला गेले. ते दोघं परतले, हे मक्केतच राहिले. मग मदिना, बसरा, कुफा, बगदाद, सीरिया, इजिप्त अशी वर्षानुवर्षं पायपीट. हजाराहून जास्त जणांकडून हदीस उतरवून घेतल्याचं ते स्वतः सांगत.

एवढी वणवण कशासाठी? पैगंबरांना जाऊन दोनशे वर्षं होत आली होती. बाजारात खोट्या हदीसही फिरत होत्या. काही राजकीय भांडणातून आलेल्या, तर काही चक्क चांगल्या हेतूने, लोकांनी धर्माने वागावं म्हणून रचलेल्या! त्यामुळे सांगणारा भाविक आहे, नमाजी आहे, एवढ्यावर भागत नव्हतं. त्याची स्मरणशक्ती कशी? तो कधी खोटं बोललाय का? बुखारींनी तर आणखी एक अट घातली. दोन माणसं एकाच काळात जगली हे पुरेसं नाही. त्यांची प्रत्यक्ष भेट झाल्याचं दिसायला हवं. त्यांचे शिष्य आणि तितकेच नावाजलेले इमाम मुस्लिम यांना ही अट जास्तच कडक वाटे. एका काळातले असले आणि भेट शक्य असली, की त्यांना चालायचं.

गंमत बघा, हदीसचा प्रसिद्ध संग्रह हाती घ्यायच्या आधी, अठराव्या वर्षी, बुखारींनी माणसांचा संग्रह सुरू केला. मदिनेत, चांदण्या रात्री बसून. ‘अत्-तारीख अल्-कबीर’ हा तो ग्रंथ: कोण, कुठला, कुणाकडे शिकला. एखाद्यावर विश्वास नसेल तरी शब्द मवाळ असायचे. या माणसाबद्दल विचार करावा लागेल, इतकंच लिहायचे. जाणकार काय ते समजून जायचे.

‘सहीह’ला सोळा वर्षं लागली. सहा लाख रिवायतींतून निवड केली असं सांगतात. एकच हदीस दहा साखळ्यांनी आली तर त्या दहा धरायच्या, बरं का. उरल्या सात हजारांच्या आसपास. पुनरावृत्ती वगळली तर साधारण 2600.

उतारवयात ते निशापूरला गेले. तिथले बुजुर्ग झुहली हे त्यांचेही शिक्षक. त्यांनीच लोकांना बुखारींच्या स्वागताला जायला सांगितलं. मग वाद पेटला. कुराण हा ईश्वराचा शब्द, तो निर्माण केलेला नाही, हे दोघांनाही मान्य. पण माणूस तो शब्द उच्चारतो, त्या उच्चाराचं काय? माणसाची कृती ही निर्मितच, असं बुखारींचं म्हणणं. झुहलींनी जाहीर केलं, की असं मानणाऱ्याने माझ्या वर्गात येऊ नये. इमाम मुस्लिम उठले आणि झुहलींकडून उतरवून घेतलेल्या सगळ्या वह्या त्यांना परत पाठवून दिल्या. बुखारींना शहर सोडावं लागलं.

बुखाऱ्यात परतले, तर सुभेदाराने वाड्यावर येऊन शिकवायला सांगितलं. ज्ञान दारोदार न्यायचं नसतं म्हणून त्यांनी नकार दिला आणि तेही शहर सुटलं. समरकंदजवळच्या खरतंक गावात, 870 साली, रमजान ईदच्या रात्री ते गेले.

इमाम मुस्लिम यांच्या ‘सहीह’मध्ये झुहलींची एकही हदीस नाही. बुखारींच्या ‘सहीह’मध्ये मात्र आहेत. भांडण झालं, गाव सुटलं, तरी हदीसच्या बाबतीत तो माणूस त्यांच्या लेखी विश्वासाचाच राहिला. फक्त नाव पूर्ण लिहिलेलं नाही. कुठे नुसतंच मोहम्मद, तर कुठे वडिलांच्या जागी आजोबांचं नाव.